मे महिन्यातलं रीडिंग

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून आलेले माझे व्यवसायबंधू, आणि आयटीआयमधून आलेल्या तारतंत्री व वीजतंत्री शाखेच्या मुला-मुलींनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याआधी या जागी बसलेल्या मंडळींचा अधिकार मोठा होता, याची मला जाणीव आहे. गोदावरीकाठच्या या नगरीत, भर उन्हाळ्याच्या तोंडावर, स्वागत समितीनं पाण्यापासून मांडवापर्यंत जी व्यवस्था केली ती पाहून मन भरून आलं. गेल्या वर्षात आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्यांना मी आपल्या सर्वांच्या वतीनं अभिवादन करतो. त्यांतले दोघे खांबावर काम करताना गेले. त्यांच्या घरच्यांना आपण विसरणार नाही.

कार्यकारिणीनं मला विषय दिला आहे तो आपल्या व्यवसायाच्या दहा वर्षांच्या वाटचालीचा. वाटचाल मोठीच आहे. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज गेले, एमसीबी आले. पिवळे बल्ब गेले, एलईडी आले. गावोगाव छतांवर सोलर चढलं, आणि त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी तरुणांना काम मिळालं. हा सगळा आढावा मी लिहून आणला आहे, चौदा पानांचा आहे, तो स्मरणिकेत छापायला देतो. इथे वाचत नाही. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ थांबलो आहे.

१९८९ सालचा मे महिना. मुखेड तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, त्या घरची माणसं अजून तिथे राहतात. घराचं वायरिंग माझं. आदल्या वर्षी श्रावणात काम उरकलं होतं. अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, त्यात अडीच मीटरचा जीआय पाइप, कोळसा आणि मिठाचे थर, वर विटांचं कुंडं, पाणी ओतायला नरसाळं. पुस्तकात आहे तसं सगळं. तेव्हा आमच्या भागात अर्थ टेस्टर कुणाकडे नव्हता. नांदेडच्या एका ज्येष्ठांकडून मी तो मागून नेला होता, दांडा फिरवायचा जुना टेस्टर. तीन ओहम आले. मला इतका आनंद झाला की घरमालकांना बोलावून मी काटा दाखवला. टेस्ट रिपोर्टवर तीन लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या मे महिन्यात त्या घरी पत्र्याचा कुलर आला. त्या घरची सून दुपारी त्यात पाणी ओतायला गेली. हातात स्टीलची कळशी, पायाखाली ओली फरशी. आत पंपाच्या वायरचं आवरण सोलून फेज पत्र्याला लागली होती. फ्यूज उडाला नाही.

मी तिसऱ्या दिवशी गेलो, तोच टेस्टर पुन्हा मागून घेऊन. खुंट्या ठोकायला जमीन घेत नव्हती. अंगणापलीकडच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. दांडा फिरवला, काटा अडतीसवर थांबला. खुंट्यांची जागा बदलून पुन्हा मोजलं. अडतीस. त्या मुलीचे सासरे माझ्या मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही तर काटा दाखवला होता.”

त्यांनी तक्रार केली नाही, पोलिसांत माझं नाव दिलं नाही. पुढं मी शेकडो घरांचं काम केलं, पण त्या वाक्याचं उत्तर मला देता आलेलं नाही.

हिशेब तुम्हाला येतो, तरी या मुलांसाठी मांडतो. खड्डा तीन ओहमचा असता तर बिघाड होताच चाळीस-पन्नास अँपिअर जमिनीत गेले असते आणि दहा अँपिअरचा फ्यूज क्षणात वितळला असता. अडतीस ओहमच्या खड्ड्यातून किती जाणार? दोनशे तीस भागिले अडतीस, म्हणजे सहा अँपिअर. सहा अँपिअरला दहाचा फ्यूज उडत नाही. तो तसाच राहिला आणि कुलरचा पत्रा दोनशे व्होल्टवर राहिला. अर्थिंग होतं, पाइप होता, हिरवी वायर होती, सहीचा कागद होता. फक्त तो कागद श्रावणातला होता.

आपली जमीन कशी आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी वायरमन म्हणून तिच्याकडे बघायला आपण कमी पडतो, असं मला वाटतं. काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. ओली असताना वीज वाहून न्यायला तिच्यासारखी जमीन नाही. कोकणातल्या जांभ्यावर काम करणाऱ्या माणसाला आपला हेवा वाटावा. पण एप्रिल लागला की तीच माती पाइपाला सोडून मागे सरते. मी खड्डे उकरून पाहिले आहेत: पाइप आणि माती यांच्यामध्ये बोटभर फट पडलेली असते, आणि त्या फटीत हवा. हवेतून अर्थिंग होत नाही. मातीच्या खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. नांदेडला गोदेच्या कडेनं माती खोल आहे, तिथे खड्डा जरा तग धरतो. आमच्या अहमदपूरकडे बालाघाटाच्या माळावर हात-दोन हात खणलं की पहार वाजते. तिथे आडवी पट्टी चर खणून पुरावी लागते, उभा पाइप कामाचा नाही. लोह्याला घेतलेला खड्डा आणि निलंग्याला घेतलेला खड्डा एकाच मापाचे असले तरी एकाच गुणाचे नसतात. तरी दोन्हीकडच्या टेस्ट रिपोर्टवर मी एकच आकडा वाचतो. दोन किंवा तीन. तो आकडा कितीदा खड्ड्याशेजारी उकिडवं बसून लिहिलेला असतो आणि कितीदा दुकानातल्या टेबलावर, हे या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. १९८९ पर्यंत मीही तसे कागद भरले आहेत. ज्या घरी मी खरंच मोजलं, तिथेही चुकीच्या महिन्यात मोजलं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: अर्थिंगचं खरं रीडिंग मे महिन्यातलं. बाकी अकरा महिन्यांतली रीडिंगं आपल्या समाधानासाठी असतात.

कारण मे महिन्यात सगळंच एकत्र येतं. घरोघर कुलर लागतात, पत्रा आणि पाणी आणि वीज एका जागी येतात. माणूस घामानं भिजलेला असतो, त्यामुळे अंगाचा विरोध कमी झालेला असतो. खड्ड्याला कुणी पाणी घालत नाही. प्यायलाच नसतं, खड्ड्याला कुठून? आणि ह्याच दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येतं, वळीव सुटतो, रोहिणी आणि मृगाच्या तोंडावर विजा पडायला लागतात. वर्षातली पहिली वीज येते तेव्हा आपला खड्डा सर्वांत कोरडा असतो.

इथं माझे काही सहकारी मला अडवतात. वीज पडून मरणारी माणसं शेतात, झाडाखाली, गुरांमागं मरतात, घरात क्वचित; मग इमारतींच्या संरक्षणाचा एवढा घोष कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. त्यांतली बहुतेक उघड्यावरची, हे मला मान्य आहे. पण पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं केलेलं दामिनी अॅप आज आपल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर आहे. ते इशारा देतं, आडोशाला जा म्हणून सांगतं. तो धावत कुठं जातो? आखाड्यावर जातो. लाकडी मेढींवर टाकलेला पत्रा, मेढींतून जमिनीपर्यंत एकही तार उतरवलेली नाही. पत्र्यावर वीज आली तर तिला खाली जायला आत बसलेल्या माणसाचीच वाट आहे. नाहीतर तो गावच्या मंदिरात जातो. वर्गणी काढून चढवलेला पितळी कळस पन्नास-साठ फुटांवर, म्हणजे गावातलं सर्वांत उंच धातूचं टोक, आणि त्या कळसापासून भुईपर्यंत पट्टी नाही. मी अनेक कलशारोहणांना गेलो आहे. मिरवणूक, महाप्रसाद, सगळं यथासांग होतं. पट्टीचं मी दरवेळी सुचवलं, दोनदा मानलं गेलं. आडोसा दाखवणाऱ्यांनी आपलं काम केलं आहे. आडोसा सुरक्षित करायचं काम आपलं आहे.

मी स्वतः पायाळू. आमच्याकडे समज आहे की पायाळू माणसावर वीज पडते. आभाळ गडगडलं की आई मला घरात ओढून घ्यायची, माळवदाच्या मधल्या खणात बसवायची, भिंतीला टेकू द्यायची नाही. भावंडं बाहेर गारा वेचायची आणि मी आत रडायचो. पुढं शिकलो तेव्हा कळलं की विजेला माणसाचा जन्म कसा झाला याच्याशी कर्तव्य नसतं, उंची आणि वाट यांच्याशी असतं. पण भिंतीला टेकू नको हे आई बरोबर सांगत होती. कोणी सांगितलं होतं तिला? तिच्या आईनं. त्या बायकांनी शंभर घरं पाहून काढलेला तो निष्कर्ष होता. तुम्ही घरोघर जाता, असल्या समजुती ऐकता. त्यांतलं खोटं सांगून टाका, पण खरं असेल ते वाया जाऊ देऊ नका.

आता आपल्यातल्या वादांकडे येतो. दरवर्षी चर्चासत्रात ते होतात आणि दरवर्षी अर्ध्यावर राहतात.

कोळसा-मीठ बरं की केमिकल अर्थिंग बरं? माझ्या घराच्या मागच्या अंगणात मी दोन्ही खड्डे शेजारी घेतले होते, वीस फुटांवर. दोन्ही दर मे महिन्यात मोजायचो. मग २०१६ आलं. तो उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं. नळाला पाणी नाही, टँकरपुढं रांगा, आणि पुस्तकात लिहिलेलं की अर्थिंगच्या खड्ड्याला अधूनमधून पाणी घालावं. त्या वर्षी मी घातलं नाही. घालण्याची लाज वाटली. मेच्या शेवटी मोजलं. कोळसा-मिठाचा खड्डा साठीच्या पुढे गेला होता. बेंटोनाइटचा खड्डा वीसच्या आसपास. म्हणजे केमिकलवाल्यांचं बरोबर, असं तुम्ही म्हणाल. थोडं बरोबर आहे. पण तोही आदल्या पावसाळ्यात पाच होता, चौपट झाला. आणि मीठ सहा-सात वर्षांत पाइप खातं. मी एका खड्ड्यातली पट्टी ओढून पाहिली तर क्लॅम्प हातात आला, खालचा पाइप जाळी झालेला. ज्याला परवडतं त्यानं बेंटोनाइट भरावं, ज्याला परवडत नाही त्यानं कोळसा-मीठ करावं आणि ठरावीक वर्षांनी बदलावं. पण कुठलाही भरला तरी मोजल्याशिवाय तो किती भला हे कळत नाही. म्हणून हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही.

दुसरा वाद जास्त गंभीर आहे, कारण त्यात आपण जुनी चूक नव्या छतांवर चढवतो आहोत. तडितरोधकाचा खड्डा वेगळा ठेवावा की घराच्या अर्थिंगला जोडावा? आमच्या पिढीला वेगळा ठेवा असंच शिकवलं. आता सोलरवाले तीन खड्डे घेतात, एक एसीचा, एक डीसीचा, एक तडितरोधकाचा, आणि तिन्ही एकमेकांपासून अलग ठेवतात. विजेचा करंट घरात शिरू नये, ही त्यामागची भावना. भावना समजते, पण हिशेब बघा. साधारण वीज तीस हजार अँपिअरची धरा. खड्डा दहा ओहमचा, म्हणजे नियमाप्रमाणे चांगलाच. तीस हजार गुणिले दहा, तीन लाख व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरता तडितरोधकाचा खड्डा तीन लाख व्होल्टवर जातो आणि चार पावलांवरचा घराचा खड्डा शून्याच्या जवळ राहतो. हा फरक कुठं तरी उडी मारणारच. तो स्लॅबच्या सळयांतून, वायरिंगमधून, टीव्हीच्या केबलमधून मारतो.

एका शाळेत मी हे पाहिलं. छतावर दांडा, पट्टी नीट उतरवलेली, खड्डा वेगळा, काम स्वच्छ. जूनच्या पहिल्या आठवड्यात दांड्यावर वीज पडली. दांड्याला काही झालं नाही. संगणकाच्या खोलीतला प्रत्येक संगणक जळाला, एका सॉकेटची फेसप्लेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. सुट्टी होती म्हणून खोलीत मुलं नव्हती. मी दोन्ही खड्डे जमिनीखालून जाड पट्टीनं जोडले, मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवला. त्यानंतर सात पावसाळे गेले, त्या शाळेतला एकही संगणक जळलेला नाही. आंतरराष्ट्रीय मानक ६२३०५ हेच सांगतं आणि आपल्याकडे ते आयएस म्हणून स्वीकारलेलंही आहे. ज्यांना मानकावर विश्वास नाही त्यांनी ती शाळा येऊन बघावी, मी घेऊन जाईन.

जमीन म्हणजे अथांग विहीर आहे, ओतलं की गेलं, असा आपला समज आहे. तो समज माझा एका म्हशीनं घालवला. भारनियमनाच्या वर्षांतली गोष्ट. रात्री एकच फेज चालू असायची, तेव्हा गावात लोक काय करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. फेज घ्यायची, न्यूट्रलच्या जागी अंगणात सळई ठोकायची आणि त्या जमिनीवर दिवे चालवायचे. उजेड मंद झाला की सळईच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओतायचे. एका रात्री अशा सळईपाशी बांधलेली म्हैस मेली. सळईला तिचा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता. पुढचे पाय सळईजवळ, मागचे पाय पाच फूट लांब. दोन्ही जागांच्या जमिनीत व्होल्टचा फरक होता आणि तो तिच्या अंगातून गेला. माणूस दोन पायांवर, पावलं जवळजवळ, म्हणून तो बहुधा वाचतो. गुरं वाचत नाहीत. शेतात वीज पडली की झाडाखालच्या शेळ्या सगळ्याच्या सगळ्या का जातात, याचं कारण हेच. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो की जमिनीलाही व्होल्ट असतो. म्हणून सगळे खड्डे एकमेकांशी जोडा, म्हणजे चढेल ते सगळं एकदम चढेल, उतरेल ते एकदम उतरेल, आणि मधल्या माणसाला काही होणार नाही.

तिसरा वाद छत्रीवाल्या दांड्यांचा. एकच दांडा लावा, शंभर मीटरच्या त्रिज्येत सगळं सुरक्षित, असं विक्रेते सांगतात. त्या दांड्यांसाठी फ्रान्सचं एक मानक आहे, हे खरं. पण ६२३०५ मानक सांगतं की दांड्याची जेवढी उंची खरोखर आहे तेवढीच धरा. पाच मीटरच्या दांड्यावर पंचेचाळीस किंवा साठ मीटर त्रिज्येचा गोल फिरवून बघा, छताच्या पातळीला वीस ते चोवीस मीटरपलीकडे संरक्षण पोहोचत नाही. एका मंगल कार्यालयात असा महागडा दांडा मध्यभागी होता आणि वीज चाळीस मीटरवरच्या कठड्याच्या कोपऱ्यावर पडली. सिमेंटचं ढेकूळ खाली मांडवात पडलं. मालकानं मला विचारलं, दांड्यानं काम का केलं नाही? मी सांगितलं, दांड्यानं त्याच्या उंचीएवढं काम केलं. तेवढ्या पैशांत त्या कार्यालयाच्या चारही कडांनी जीआय पट्टी फिरली असती आणि ठरावीक अंतरावर खाली उतरली असती. पट्टी तांब्याची नसावी, हे मी अनुभवानं सांगतो. तांब्याची पट्टी आपल्याकडे माणसाच्या हातापर्यंत आली की भंगारात जाते. आठ फुटांवर कापलेली कितीतरी पट्ट्यांची टोकं मी पाहिली आहेत. वरून वीज उतरणार आणि आठ फुटांवर तिला वाट संपलेली.

आणखी एक युक्तिवाद राहिला, तो तरुणांचा. आरसीसीबी बसवली की अर्थिंग मोजायची गरज काय? तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी शे-दोनशे ओहमच्या खड्ड्यावरही सुटते, हे बरोबर आहे. मी प्रत्येक घरी ती बसवायला सांगतो, आणि १९८९ साली ती त्या घरात असती तर आज मी हे भाषण करत नसतो. पण आपण सगळे जाणतो की पहिल्या पावसात ती दोनदा सुटली की घरमालक ओरडतो आणि कुणीतरी ती डायरेक्ट करून देतो. त्याच घरात पुढच्या मे महिन्यात कुलर लागतो. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून सगळं ठीक आहे असं समजू नका. ते बटण आतल्या आतच फेज आणि न्यूट्रल यांच्यात फरक पाडतं. हिरवी वायर तुटलेली असली, खड्ड्यात पाइप उरलेलाच नसला, तरी बटण दाबल्यावर ती सुटेल. बटण खड्ड्याबद्दल काही सांगत नाही.

आता कायद्याचं. भारतीय विद्युत नियम १९५६ मधला ६१ वा नियम तुमच्यातल्या जुन्यांना पाठ असेल. त्यात म्हटलं होतं की पुरवठादाराच्या सगळ्या अर्थिंगची तपासणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांतून एकदा तरी करावी आणि नोंद ठेवावी. २०१० च्या विनियमांतही ते आलं. कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी. ज्यानं ते शब्द लिहिले त्यानं जमीन पाहिलेली होती, अशी माझी खात्री आहे. पण तो नियम पुरवठादारासाठी आहे. उपकेंद्राचा खड्डा मे महिन्यात मोजायचा आणि ज्या घरात बाई कुलरला पाणी घालते तिथला खड्डा श्रावणात मोजला तरी चालेल, हा फरक मला मान्य नाही. विजेचा धक्का बसून देशात वर्षाला बारा हजारांच्या वर माणसं जातात, ती काही उपकेंद्रात जात नाहीत.

हे होणं अवघड आहे असं मला कुणी सांगू नये. आपल्या लातूरनं अवघड गोष्ट करून दाखवलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, माळवदाची दगडी घरं त्यांच्यावर पडली. त्याआधी आपल्या भागातल्या गवंड्याला भिंतीतली काँक्रीटची पट्टी माहीत नव्हती. आज कुठल्याही खेड्यातल्या गवंड्याला विचारा, तो पायाची पट्टी, खिडकीवरची पट्टी, कोपऱ्यातली सळई हे सगळं न सांगता करतो, आणि मालक न मागता पैसे देतो. त्या पहाटेनंतर मी तीन आठवडे तिकडे होतो, तंबूंत दिवे लावायचं काम करत. पावसात भिजलेल्या जमिनीवर उघड्या वायरी, लोखंडी खांब, आणि त्या खांबांना धरून उभी राहिलेली माणसं. तेव्हा मला वाटलं होतं की एवढं झाल्यावर आपण जमिनीकडे नीट बघायला शिकू. गवंडी शिकले. आपण तेवढे शिकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कार्यकारिणीनं अध्यक्षाकडून पुढच्या कामांची अपेक्षा ठेवली आहे. एक नोंदवही छापावी असं मला वाटतं, प्रत्येक सभासदाची, घराचं नाव, खड्ड्याचा प्रकार, महिना आणि रीडिंग एवढंच लिहायची. नमुना कसा असावा ते पुढच्या बैठकीत ठरवू. मराठीत एक छोटी पुस्तिका हवी. ती कुणी लिहावी हे तुम्ही सुचवा. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या अध्यापकांनी आपल्या जमिनीचा विरोध तालुकावार मोजून द्यावा, अशी विनंती करता येईल. शासनाकडे निवेदन द्यावं, कोरड्या ऋतूचा नियम घरांना आणि शाळांना लागू करा म्हणून. त्याचा मसुदा समिती करील. आणि जिल्हा परिषदेच्या शाळा मे महिन्यात रिकाम्या असतात, मैदान मोकळं असतं, खुंट्या ठोकायला जागा असते. तिथून सुरुवात करावी. किती शाळा, कोणी, कसं, हे तालुक्यातल्या मंडळींनी आपसांत ठरवावं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मला माहीत आहे. म्हणून एक गोष्ट अशी सांगतो, जिला समिती लागत नाही. येत्या मे महिन्यात तुमच्यातल्या प्रत्येकानं स्वतः घेतलेले, स्वतःच्या सहीचे पाच खड्डे जाऊन मोजावेत. घरमालकाला बोलावून आकडा दाखवावा, जो असेल तो. वाईट असेल तर तसं सांगावं आणि आरसीसीबी बसवून द्यावी. पैसे मागू नयेत.

अर्थ टेस्टर सगळ्यांकडे नाही, याची मला कल्पना आहे. माझ्याकडे दोन आहेत आणि आता मी खड्डे घेत नाही. एक इथे नांदेडला स्वागत समितीच्या टेबलावर ठेवून जातो, दुसरा लातूरच्या मंडळींच्या हवाली करतो. शेजारी वही आहे. नाव लिहून न्या, आणि परत आणताना रीडिंग लिहा.